हत्ती ओलांडतो ते घर

ग्युम्री, मंगळवार

प्रिय झावेन,

'प्रिय' हा शब्द केवळ बाबांनी लावलेल्या सवयीपोटी लिहिलाय. पत्राची सुरुवात शिवीने करू नये, शिवी मध्यावर आलेली बरी, असं ते म्हणायचे. तेव्हा मध्यापर्यंत धीर धर. शनिवारपासून तुला अकरा फोन केले आणि अकराही तू कापलेस. काल शेवटी सिरानुशला केला, तर तुझी बायको बिचारी दबक्या आवाजात म्हणते, "ताई, ते मागच्या अंगणात लाकडं फोडतायत." मी म्हटलं, अगं, कधीपासून? तर म्हणते, "शनिवारपासून तेच चालू आहे." मार्च निम्मा सरला, थंडी उतरणीला लागली आणि माझा भाऊ तीन दिवस लाकडं फोडतोय. बायकोला पुढे करून आपण कुऱ्हाडीमागे लपायचं, हे तुला शोभत नाही. म्हणून हे पत्र. आर्तिकच्या मिनीबसचा ड्रायव्हर ते तुझ्या हातातच देईल, तसं त्याला बजावलंय. एकदा हातात पडलं की तू वाचणारच. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस तू. बुद्धिबळाच्या नियमांचं पुस्तक तेवढं आयुष्यात कधी उघडलं नाहीस.

आधी मुद्द्याचं लिहिते, म्हणजे पुढे माझी जीभ सुटली तरी घोळ व्हायला नको. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत प्रांताच्या समितीकडे तुझ्या सहीचा कागद पोचला पाहिजे. त्यात एकच वाक्य लिहायचं: शनिवारच्या स्पर्धेत शुशानच्या पाचव्या डावात मी पंच म्हणून दिलेला निर्णय चुकीचा होता. बस. समितीच्या बाईंकडे मी काल तासभर बसून आले. त्या म्हणाल्या, "वार्सेनिकबाई, तुम्ही मुलीच्या शिक्षिका, वरून पंचाच्या सख्ख्या बहीण. तुमची तक्रार मी कुठल्या तोंडाने घेऊ? पंचाने स्वतः लिहून दिलं तर डाव त्याच स्थितीपासून पुन्हा खेळवू, रविवारी, दुसऱ्या पंचासमोर." नाही दिलंस, तर येरेवानच्या अंतिम फेरीला दुसरी मुलगी जाईल. ते एक वेळ मी गिळेन. पण शुशानने काल वर्ग सुटल्यावर शाळेचा पट माझ्या टेबलावर आणून ठेवला, मोहरे मोजून, प्यादी वेगळ्या पिशवीत. म्हणाली, "बाई, मला नियम कळत नाहीत. मी नाही येणार आता." नऊ वर्षांची पोर. तिला नियम कळत नाहीत म्हणे. आणि तुला कळतात.

काय झालं ते तुझ्या बाजूने तू सिरानुशला सांगितलंच असशील. आता माझ्या बाजूने ऐक. आम्हा शिक्षकांना डाव चालू असताना आत सोडत नाहीत, ते ठीकच आहे. मी बाहेरच्या गल्लीत काचेला नाक लावून उभी होते. माझ्या शेजारी शुशानचे आजोबा, अर्शाक. ते मारमाशेनहून पहाटे जुनी झिगुली गाडी ढकलत सुरू करून पोरीला घेऊन आलेले. त्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, ते फक्त तिच्या कानांकडे बघतात. म्हणतात, जिंकत असली की कान लाल होतात. त्या वेळी कान लाल होते. पांढरे मोहरे तिचे, वजिराच्या बाजूची पट्टी मोकळी, समोरचीची प्यादी पुढे येऊन अडकलेली. एक किल्लेकोट केला की हत्ती मधल्या पट्टीवर येणार आणि समोरचीचं होतं नव्हतं ते सगळं पडणार. तिने केलाही, मी शिकवला तसा: एकाच हाताने, आधी राजा उचलून हत्तीच्या दिशेने दोन घरं, मग हत्ती त्याच्यावरून पलीकडे. घड्याळ दाबलं. आणि तू, शेजारच्या टेबलावरून, कुणी बोलावलेलं नसताना, हात वर करून आलास.

मला आतलं काही ऐकू येत नव्हतं. दिसत होतं. तू बोटाने उंटाची तिरकी रेघ दाखवलीस, काळ्या उंटापासून थेट हत्तीच्या शेजारच्या घरापर्यंत, जिथे डावाच्या सुरुवातीला घोडा उभा असतो. तू मान हलवलीस. शुशान काहीतरी म्हणाली, नंतर तिने मला सांगितलं, ती म्हणाली होती, "काका, पण तिथे राजा जातच नाही." यावर तू काय म्हणालास ते आठवतंय? "आधी नियम शीक, मग वाद घाल." राजा परत ठेवायला लावलास, हत्ती परत ठेवायला लावलास, आणि वर 'हात लावला तो मोहरा हलवायचाच' म्हणून पोरीला राजाच एक घर सरकवायला लावलंस. उघड्यावर. सातव्या चालीत मात झाली. आजोबा मला विचारत होते, "बाई, कान एकदम पांढरे कसे पडले?" मी म्हटलं, डाव गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आता नियम. वीस वर्षं मी हेच शिकवतेय, तेव्हा सवयीने तुलाही शिकवते, बाकावर नीट बस. राजा आधी हललेला नको. ज्या हत्तीबरोबर करायचा तो हललेला नको. दोघांच्या मध्ये आपलं-परकं कुणी उभं नको. राजाला त्या क्षणी शह लागलेला नको; मागे कधी लागून गेला असेल आणि राजा जागचा हलला नसेल, तर चालतं. आणि राजा ज्या घरावरून जातो आणि ज्या घरात बसतो, त्या दोन घरांवर शत्रूचा मारा नको. संपलं. यात हत्तीच्या जिवाची काळजी कुठे आली? हत्तीवर मारा असला तरी चालतो. लांबच्या, म्हणजे वजिराच्या बाजूला हत्ती जे एक घर जास्तीचं ओलांडतो, त्यावर चार चार उंट रोखलेले असले तरी चालतं, कारण राजा त्या घराच्या वाटेलाही जात नाही. धोका राजाला नको, एवढंच म्हणणं आहे नियमाचं. दुसरीतली पोरं हे पंधरा मिनिटांत शिकतात. तू भूमिती शिकवतोस, झावेन. दोन बिंदूंमधून एकच रेषा जाते हे पोरांना सिद्ध करून दाखवतोस. राजा कुठून कुठे गेला, ही तीन घरं तुला मोजता आली नाहीत?

पण खरा संताप याचा नाही. चुका पंचांच्या होतात, माझ्याही झाल्यात. डाव संपल्यावर मी गल्लीत तुला गाठलं, चार माणसांत आवाज न चढवता म्हटलं, झावेन जान, जरा बाजूला ये. तर तू सगळ्या पालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "माझ्या बहिणीची विद्यार्थिनी म्हणून मी सूट देणार नाही." आणि दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. सूट कोणी मागितली होती? न्याय करून दाखवायची इतकी हौस, की चोर सोडून संन्याशाला फाशी. मी त्याच वेळी पर्समधून नियमांचं पुस्तक काढलंही होतं, अर्धं बाहेर आलं होतं. मग तू आवाज खाली आणलास आणि फक्त मला म्हणालास, की हा नियम तुला ज्या माणसाने शिकवला त्याच्यावर तुझा कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त विश्वास आहे. मी पुस्तक परत आत टाकलं. कोण माणूस, हेही विचारलं नाही. अर्शाकना म्हटलं, चला, अंधार पडायच्या आत मारमाशेन गाठा. आणि स्वतः बसथांब्यावर येऊन वाऱ्यात उभी राहिले, मफलर तुझ्या त्या सभागृहातच विसरून.

तू तरी काय रे, एकट्या शुशानचं वाटोळं करून थांबला असतास तर. चौदा वर्षांपूर्वी तुझ्या वर्गात मी आले होते, आठवतं? शाळेत बुद्धिबळ विषय म्हणून सक्तीचा झाला, गणिताच्या नि भूमितीच्या शिक्षकांना आठवडाभर शिकवून पट हातात दिले, त्यात तुझा नंबर लागला. तू किती खूश होतास. भिंतीवर स्वतःच्या हाताने रंगवलेला तक्ता लावला होतास, घरं लाल-हिरवी, आणि तीस पोरं एका सुरात म्हणत होती: "राजाची वाट साफ, हत्तीची वाट साफ, मगच कोट बांधा, नाहीतर नाही माफ." तुझी स्वतःची कविता. मुलं बाकावर ताल धरत होती. तेव्हापासून चौदा वर्षं, दरवर्षी तीन वर्ग, हिशेब तूच कर. आर्तिकची एक अख्खी पिढी लांबच्या बाजूला किल्लेकोट करायला घाबरते. इकडे ग्युम्रीत आम्हा शिक्षकांत विनोद आहे: समोरची पोर लांबचा कोट करत नाही का? मग झावेनसरांची. मीही हसते. हसले आहे.

कविता चांगली होती, एवढं मी त्या दिवशी म्हटलं. दुसरं काही म्हटलं नाही. सिरानुशने भाजलेला गोड गाता खाल्ला, दोन कप कॉफी घेतली, आणि घरी आले. तक्त्यावरचं ते घर, घोड्याचं, तू लाल रंगवलं होतंस. मी ते पाहिलं होतं. हे वाचून तू आता म्हणशील, "मग तेव्हाच का नाही बोललीस?" थांब. मी स्वतःही आडून आडून त्याच ठिकाणी येतेय, आणि प्रत्येक वेळी तुझ्यावर ओरडायचं काहीतरी नवं सापडतं.

त्र्याण्णवच्या हिवाळ्याचं आपण कधी बोलत नाही. बोलण्यासारखं काय होतं म्हणा. भूकंपात आई गेली, घर गेलं, आणि चार वर्षं झाली तरी आपण त्या पत्र्याच्या डब्यातच, तिघं, एक शेगडी, वीज दिवसातून तासभर आणि तीही लहर लागली तर. माणशी अडीचशे ग्रॅम पाव. मदतीच्या पेटीतून आलेला बुद्धिबळाचा पट, त्यात पांढरा एक हत्ती कमी, त्याच्या जागी आईच्या गिरणीतलं दोऱ्याचं रिळ. बाबा नार्दी खेळणारे. फासे टाकून मिशीवर ताव द्यायचा तो खेळ त्यांचा, बुद्धिबळात त्यांना मोहरे कसे चालतात एवढंच माहीत. आपल्याला शिकवलं ते त्या रशियन पुस्तकाने. आणि रशियन नीट वाचता यायचं ते मला. मी तेरा वर्षांची, तू अकरा. मी वाचायचे, तुला आर्मेनियनमध्ये सांगायचे, तू ऐकायचास, आणि दोन महिन्यांत तू मला हरवायला लागलास. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाखतीत विचारतात, सुरुवातीला कोणाबरोबर खेळायचात? मी म्हणते, धाकट्या भावाबरोबर. तो हरायचा का? मी हसते. तू दहातले सात डाव जिंकायचास, झावेन.

मग येरेवानहून साथेनिक आत्याचं पत्र आलं. एका पोराला मी ठेवून घेऊ शकते, दोघांना नाही. इथल्या बुद्धिबळ शाळेच्या सरांशी बोलले आहे, एक जागा आहे. बाबा दोन दिवस ते पत्र खिशात घालून फिरले. शेवटी म्हणाले, "मी बाप आहे, मी निवडणार नाही. पटावर ठरवा. जो जिंकेल तो जाईल, आणि हरेल त्याने तोंड वाकडं करायचं नाही." रविवार होता. दुपारचा उजेड खिडकीतून येत होता तेवढ्यात आपण बसलो, बाबा मध्ये उकिडवे, दोघांकडे आळीपाळीने बघत. पांढरे तुझे. मी जिंकले. डावाच्या मध्यात तुझा राजा उघडा पडला आणि मी जिंकले, असंच मी नेहमी सांगते, आणि तेवढं खरंही आहे. तू तोंड वाकडं केलं नाहीस. बसपर्यंत माझी पिशवी तूच उचललीस, हातमोजे नसलेल्या हातांनी, आणि बस सुटेपर्यंत उभा राहिलास.

पुढचं सगळं जगाला माहीत आहे. मी शाळेत शिकले, स्पर्धा खेळले, मास्टर झाले, चार देश पाहिले. तू बाबांबरोबर त्या डब्यात आणखी सहा हिवाळे काढलेस. त्यांचं दुखणं तू काढलंस; मी पैसे पाठवायचे आणि सणाला यायचे. तू भूमितीचा मास्तर झालास, तोही चांगला. मी वीस वर्षांपूर्वी ग्युम्रीला परत आले ती शिकवायला, आणि लोक म्हणाले, बघा, एवढी मोठी खेळाडू, गावाला विसरली नाही. तू कधी एका शब्दाने काही म्हणाला नाहीस. उलट कुणी विचारलं की छाती काढून सांगायचास, "मला बुद्धिबळ वार्सिकने शिकवलं." आपण आजही खेळतो, नवीन वर्षाला, जेवण झाल्यावर. तीस वर्षांत तू लांबच्या बाजूला एकदाही किल्लेकोट केला नाहीस. करता येत असताना नाही. मी समोर बसून ते बघायचे, आणि आपली चाल खेळायचे.

आता तुझ्या लाकडांकडे येते. सिरानुश समजते तू चिडलास म्हणून फोडतोयस. मला तसं वाटत नाही. मला वाटतं शनिवारी घरी गेल्यावर तू पुस्तक उघडलंस. मी पर्समध्ये परत टाकलेलं बघितलंस, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू उघडलंच असणार. पान सापडलं असेल, बोट ठेवून तीनदा वाचलं असशील. मग शुशान बरोबर होती हे तुला कळलं असेल, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरंही कळलं असेल, आणि तू उठून कुऱ्हाड घेतली असशील. तसं असेल तर तू फोन कापतोस ते माझ्या ओरडण्याला भिऊन नाही. तुला माझ्याकडून एक गोष्ट ऐकायची नाहीये. किंवा ऐकायची आहे आणि मी खोटं बोलेन याची भीती आहे.

तीन पानं तुझ्यावर आग पाखडली. त्यातलं निम्मं खरं आहे, ते परत घेत नाही. पालकांच्या समोर ते वाक्य बोलायला नको होतंस, आणि नऊ वर्षांच्या पोरीचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतंस. पण शनिवारी काचेपलीकडे ती राजा परत ठेवत होती ना, दोन्ही खांदे आत ओढून, बोट राजाच्या डोक्यावरच ठेवून, की आता कुठे सरकवू, तेव्हा मला राग आला नव्हता. राग नंतर आला. तेव्हा मला फक्त माझा अकरा वर्षांचा भाऊ दिसला. रागाचा एवढा गवगवा मी कशासाठी करतेय हे मला बसथांब्यावरच कळलं होतं, म्हणून तर तीन दिवस घालवले.

त्या रविवारी तू राजा दोन घरं सरकवलास आणि हत्तीच्या जागचं ते रिळ उचललंस, तेव्हा मी तुझा हात धरला. माझा उंट हत्तीच्या शेजारच्या घरावर रोखलेला होता. मी म्हटलं, पुस्तकात आहे, त्या घरावर मारा असला तर कोट करता येत नाही, आणि राजाला हात लागलाय, आता राजाच हलव. बाबांनी विचारलं, "खरंच असं आहे?" तू माझ्या आधी म्हणालास, "वार्सिक म्हणते म्हणजे असणार." तू राजा हलवलास. तुला आता एकच विचारायचं असेल, की मी तेव्हा चुकले होते का. शाळेत पट मांडताना, मास्टर झाल्यावर, तुझ्या वर्गात तक्त्यासमोर बसून गाता खाताना, मी स्वतःला हेच सांगत आले, की तेरा वर्षांची पोर होते, चुकीचं वाचलं असेल. नाही, झावेन. ते पान मी आदल्याच दिवशी वाचलं होतं, आणि मला रशियन चांगलं येत होतं. मला त्या पत्र्याच्या डब्यातून बाहेर पडायचं होतं. हे पत्र मी त्यासाठी लिहिलंय, की तुझ्या चुकीचा पत्ता तुझ्याकडे लेखी असावा. समितीला हवं तर जोडून दे, माझं नाव, हुद्दा सगळं घालून. मी नाकारणार नाही. माझ्यावरचा राग मात्र शुशानच्या कागदावर काढू नकोस, तो माझ्यासाठी ठेव, मी तुझ्या दारात येऊन घेईन. शुक्रवारी पाचच्या आत सही कर. तिचा किल्लेकोट बरोबर होता. तुझाही बरोबर होता, आणि त्या दुपारी तू जिंकत होतास.

तुझीच, तू अजून म्हणू देशील तर,
वार्सिक